भुयारगडातले सहा डबे

१४ एप्रिल

ही डायरी वायरच्या दुकानदाराने जानेवारीत फुकट दिली होती. आजवर तिच्यात गॅसचं सिलिंडर कधी लावलं एवढंच लिहिलेलं आहे, तेही कुमुदिनीने, माझ्या बायकोने. मी डायरी लिहिणारा माणूस नाही, पाट्या लिहिणारा माणूस आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी 'गीला-सूखा अलग दें, वरना वापस ले जाएँ' अशी पाटी आहे, ते अक्षर माझं. पण आता दीड महिना पाय प्लास्टरमध्ये. पाट्या लावायला कोण जाणार? म्हणून हे.

पाय कसा मोडला असं कोणी विचारलं तर "घसरलो" म्हणायचं, असं घरात ठरलं आहे. इथे मात्र खरं लिहितो. कॉलनीच्या बागेत कंपोस्टच्या खड्ड्याचं उद्घाटन होतं. स्वच्छता समितीचा अध्यक्ष मी, त्यामुळे नारळ माझ्या हातात. समोरचा नंदू भिया फोटो काढत होता. म्हणाला, "अध्यक्षजी, थोडा पीछे. बस, थोडा और." मी थोडा और मागे सरकलो आणि खड्ड्याचं उद्घाटन झालं. त्यात पडलेला पहिला ओला कचरा म्हणजे मी. फोटो ग्रुपवर आहे. त्यात मी नाही, नारळ आणि माझी एक चप्पल आहे. सगळ्या कॉलनीने अंगठे दाखवले आहेत.

मला बाहेर ओढलं ते पुष्करने. ही डायरी उद्या कोणाच्या हाती पडली तर कळावं म्हणून लिहितो, पुष्कर हा आमचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा, बंगलोरला सॉफ्टवेअर कंपनीत. इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला म्हणून तीन मोठ्या बॅगा घेऊन आला आणि राहिला. वर्क फ्रॉम होम आहे. हल्ली सगळ्यांचंच असतं.

कुमुदिनी म्हणाली, "चला, एकदाचे घरात बसलात."

१७ एप्रिल

कंटाळा. पलंग खिडकीपाशी सरकवून घेतला आहे, म्हणजे सकाळी कचऱ्याची गाडी आली की कोण काय टाकतं ते दिसतं. आज समोरच्यांनी दुधाच्या पिशव्या ओल्या डब्यात टाकल्या. मी आतूनच ओरडलो. कुमुदिनीने खिडकी लावून घेतली. म्हणाली, "सत्तावीस वर्षं वीज मंडळात फायलींवर ओरडलात, आता लोकांवर. जरा स्वस्थ पडा हो."

दुपारी पुष्कर आपला जुना लॅपटॉप घेऊन खाली आला. (ऑफिसचा लॅपटॉप त्याने गेल्या महिन्यातच कुरिअरने परत पाठवला. नवीन येणार आहे म्हणे. अजून आला नाही. मोठ्या कंपनीत वेळ लागतोच.)

"बाबा, हा गेम खेळा. ह्यात तुम्ही कोणावर पण ओरडा, कोणाला ऐकायला नाही येणार."

गेम म्हणजे असा: सात बुटकी माणसं डोंगरापाशी सोडतात. आपण हुकूम द्यायचा, त्यांनी डोंगर पोखरून आत गड बांधायचा. खोल्या, पलंग, स्वयंपाकघर, कोठार, सगळं जमिनीखाली. माणसांना नावं आपण द्यायची. मी स्वयंपाकिणीचं नाव कुमुदिनी ठेवलं. खरी कुमुदिनी चहा ठेवायला आली होती, तिने वाचलं. "तिथे पण मीच का?" म्हणाली. खणणाऱ्याला नंदू केलं, कारण खड्ड्याचा अनुभव त्यालाच. सुताराचं नाव पुष्कर. पुष्कर हसला नाही, पण उठूनही गेला नाही.

गडाला मी भुयारगड म्हणतो.

१८ एप्रिल

माझा गड नासला. अक्षरशः.

बुटके खातात, शिकार करतात, मासे आणतात. हाडं, सालं, माशांची डोकी, सगळं जिथल्या तिथे पडतं आणि सडतं. सडलं की बोगद्यात पिवळा ढग पसरतो. त्यातून जो जातो तो दुःखी होतो. माणसावर क्लिक केलं की त्याच्या मनातलं इंग्रजीत लिहून येतं. सुतार पुष्करवर क्लिक केलं: 'हल्ली दुर्गंधीने त्रासलेला आहे.' बिचारा.

पुष्कर म्हणाला, "बाबा, सिंपल आहे. कचरा गडाच्या बाहेर टाकायचा. उघड्यावर सडला तर ह्या गेममध्ये वास नाही येत. वास फक्त बंद जागेत होतो."

मी ताडकन उठून बसणार होतो, पाय आठवला. "उघड्यावर? इंदूरचा माणूस कचरा उघड्यावर टाकणार? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक, बाबा? बाहेर फक्त झाडं आणि बकऱ्या आहेत."

"मग बकऱ्या काय म्हणतील?"

यावर तो हसला. थोडंसंच. पण मी मुद्दा सोडला नाही. ज्याने हा गेम केला त्याने इंदूर पाहिलेलं नाही, हे उघड आहे. ज्या गावात पोहे खाल्लेला कागदसुद्धा माणूस डबा सापडेपर्यंत हातात धरून फिरतो, त्या गावाचा मी. त्यातून समितीचा अध्यक्ष. माझ्या गडातली घाण माझ्या गडातच राहील आणि शिस्तीत राहील.

२१ एप्रिल

सहा खोल्या खणून घेतल्या. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा. पुष्करने सांगितलं की बुटक्यांकडे प्लास्टिक नसतं आणि वीजही नसते. मी म्हटलं, आज नसेल. नियोजन पुढचं करायचं असतं. प्रत्येक खोलीला दगडी दरवाजा. दरवाजा बंद म्हणजे वास आत. खोल्यांची सुबक रांग पाहून ऊर भरून आला. चाळीत वाढलो, आजोबा मिलमध्ये, वडील मिलमध्ये. सहा डब्यांची स्वतंत्र दालनं आमच्या घराण्यात पहिल्यांदाच.

नंदू भिया बघायला आला. सोबत आपल्या दुकानातली सेव आणली. स्क्रीनकडे बघत राहिला. "भिया, ये क्या बनाया? जेल?"

"कचरा व्यवस्थापन."

"हओ. टूटी टाँग पे भी चैन नी आपको." मग वरच्या जिन्याकडे बघून म्हणाला, "पुष्कर ठीक है?"

"एकदम. काम बहोत रहता है उसको."

नंदू बराच वेळ सेव खात बसला.

संध्याकाळी देवासहून अमिताचा, माझ्या बहिणीचा, फोन. "दादा, पुष्करसाठी फार चांगलं स्थळ आहे. कृष्णराव म्हणून आहेत, आमच्या महाराष्ट्र मंडळातले. मुलगी उर्वी, शाळेत शिकवते. मी त्यांना सांगितलंय, मुलगा मोठ्या कंपनीत, सध्या घरून काम करतो. बरोबर ना?"

"अगदी बरोबर," मी म्हटलं.

कुमुदिनी पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं, मग परत सुरू झालं.

२४ एप्रिल

भुयारगड पडला. शत्रू आला नाही, भूक नाही, आजार नाही. कचऱ्यानेच पडला.

झालं असं की दरवाजे बंद असले तरी कचरा ठेवायला कोणीतरी दरवाजा उघडतंच. उघडला की आत साठलेला ढग भप्पकन बाहेर. जितका जास्त दिवस बंद, तितका मोठा ढग. ओल्या कचऱ्याच्या दालनासमोर मी स्वतः जेवणघर काढलं होतं, सोयीचं म्हणून. सगळे दुःखी झाले. कुमुदिनीने स्वयंपाक बंद केला. नंदूने कोणाला तरी कुदळ मारली. अध्यक्ष नावाचा बुटका, म्हणजे मी, एका कोपऱ्यात उभा राहून रडत होतो, असं खाली लिहून आलं.

मी गेम करणाऱ्याला ईमेल लिहिला. पुष्करने नको म्हटलं तरी लिहिला. इंग्रजीत, "आदरणीय महोदय" पासून. मी इंदूरचा रहिवासी असून कचरा वर्गीकरणाचा मला प्रत्यक्ष अनुभव आहे, आपल्या खेळात गंभीर त्रुटी आहे, दगडी दरवाजाने वास अडलाच पाहिजे, आणि उघड्यावर कचरा टाकण्यास उत्तेजन देणं हे तरुण पिढीसाठी योग्य नाही. खाली सही, हुद्दा, समितीचं नाव.

पुष्कर वाचून म्हणाला, "बाबा, तुम्ही ग्रेट आहात." कसं ग्रेट ते सांगितलं नाही.

२८ एप्रिल

दुसरा भुयारगड. आता पुष्कर रोज भर दुपारी येऊन बसतो, उन्हं उतरेपर्यंत. कुठली कळ दाबायची ते सांगतो, माझं चुकलं तर माउस हातातून घेतो. लहानपणी सायकल शिकवताना मी असाच त्याचं हँडल धरायचो. बोलत काही नाही. मधेच माझ्या तोंडाकडे बघतो. मी म्हणतो, "काय रे?" तो म्हणतो, "काही नाही. तो दरवाजा लावा." मी दरवाजा लावतो.

कंपनी मात्र फार उदार दिसते. रोज दुपारभर सोडते. आमच्या मंडळात चहाला उठलं तरी साहेब घड्याळ बघायचा.

तो बारीक झालाय असं कुमुदिनी म्हणते. उन्हाळ्यात होतं माणूस बारीक.

ईमेलचं उत्तर आलं. मी चष्मा पुसून वाचलं. एक ओळ: खेळल्याबद्दल आभार, आणि तुम्ही कचरा बाहेर टाकून पाहिलात का?

उद्धटपणाला सीमा नाही.

२ मे

आज लिहायला बरं वाटत नाही, पण लिहितो.

कृष्णरावांचा फोन आला, थेट माझ्याकडेच. गोड माणूस. बँकेतून रिटायर. पुढच्या रविवारी सहकुटुंब यायचं म्हणाले, तुमचा पायही बघून होईल. मग सहज विचारलं, "पुष्करचं कसं चाललंय? हल्ली त्या क्षेत्रात फार लोकांना काढतायत म्हणतात."

मला काय झालं कोण जाणे. आवाज आपोआप चढला. "छे छे! आमच्याला उलट बढती दिली. टीम लीड केलंय. हाताखाली दहा पोरं आहेत." टीम लीड म्हणजे काय हे मला माहीत नाही. हा शब्द मी निशांतकडून, नंदूच्या मुलाकडून, ऐकला होता. दहा पोरं माझी स्वतःची.

फोन ठेवला तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पुष्कर. हातात माझ्यासाठी मोसंबीचा रस. त्याने ग्लास टेबलावर ठेवला. खाली बशी ठेवायला विसरला नाही. मग वर गेला.

आज दुपारी आला नाही. कामात असेल.

३ मे

आला नाही. जेवणाचं ताट कुमुदिनीने वर नेऊन ठेवलं. ताट जसंच्या तसं परत आलं, फक्त लोणचं संपलं होतं.

मी एकट्याने खेळायचा प्रयत्न केला. एक कळ चुकली आणि सगळ्यांचे पलंग विकले गेले.

५ मे

दुसऱ्या गडातल्या सुतार पुष्करने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं आहे. क्लिक केलं. 'दुर्गंधीने खचला आहे. एकटं राहू इच्छितो. कोणी विचारलेलं नाही.' हे शेवटचं वाक्य मी यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. कोणी काय विचारायचं होतं? मी सगळ्या कळा दाबून पाहिल्या. विचारायची कळ सापडेना. मी कुमुदिनीला हाक मारली, "जरा पुष्करला विचार ग, माणूस खोलीतून बाहेर कसा काढायचा."

ती स्वयंपाकघरातून आली. हातात पिठाची परात तशीच. आणि आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशी ती कधी बोलली नव्हती.

"मला विचारता? तुम्हाला माहीत नाही? पोरगं रोज दुपारी तुमच्या शेजारी येऊन बसत होतं. कशाला बसत होतं? त्या बुटक्यांसाठी? तुम्ही एकदा तरी विचाराल म्हणून बसत होतं. आणि तुम्ही त्याला दगडी दरवाजे विचारत बसलात."

"काय विचारणार मी?"

"अहो, होळीपासून त्याला नोकरी नाही! मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, त्याला माहीत आहे की आपल्याला माहीत आहे. आणि तिघं एका टेबलावर बसून वर्क फ्रॉम होम वर्क फ्रॉम होम करतोय. वेड लागायची पाळी आली मला." रडली. परात घेऊनच आत गेली.

पहिल्या पानावर मी लिहिलंय, 'इथे मात्र खरं लिहितो.' आत्ता मागची पानं वाचली. खड्ड्यात पडल्याचं सोडलं तर काय खरं लिहिलंय? स्टेशनवर त्या तीन बॅगा पाहिल्या तेव्हाच मला कळलं होतं. गेर बघायला कोणी तीन बॅगा आणत नाही. लॅपटॉप कुरिअरने का परत जातो हे वीज मंडळातून रिटायर झालेल्यालाही कळतं. ही डायरी कोणी वाचत नाही, तरी मी हिच्यात सुद्धा 'कंपनी उदार आहे' असं लिहिलं. कोणापासून लपवत होतो? गॅसच्या सिलिंडरपासून?

मला माझ्या मुलाची लाज वाटत नाही. हे लिहून ठेवतो. मला भीती वाटते. तो बारीक झालाय.

७ मे

आज कंटाळून गडाचा मोठा दरवाजा उघडला आणि सगळ्या बुटक्यांना हुकूम दिला: सहाच्या सहा दालनं रिकामी करा, सगळं बाहेर टाका. अध्यक्ष या नात्याने डोळे मिटून घेतले.

उघडले तर बुटके रांगेने हाडं, माशांची डोकी, सालं घेऊन बाहेर जात होते. डोंगरासमोर ढीग झाला. भर उन्हात. मी पिवळ्या ढगाची वाट पाहिली. ढग नाही. बकऱ्या बाजूने चरत गेल्या. एकीनेही वर पाहिलं नाही.

आत बोगदे स्वच्छ. जेवणघरात कोणीतरी नाचत होतं. नंदू असावा.

सुतार मात्र अजून खोलीत. गेममध्ये सगळं एकदम होत नाही.

गेम करणाऱ्याला अजून उत्तर दिलेलं नाही. द्यावं लागणार, असं दिसतं.

८ मे

जिना मला चढता येत नाही. कुमुदिनीने जिन्याखाली स्टूल ठेवून दिलं आणि "मी मंडईत जाते" म्हणून निघून गेली. भाजी काल संध्याकाळीच आणली होती.

मी स्टुलावर बसलो आणि वर बघून बोललो. बोललो म्हणजे ओरडलोच. दुसरं येत नाही.

"पुष्कर! तुझी नोकरी गेली ना रे?"

पंख्याचा आवाज येत होता. मग दाराच्या आतून, "हो."

"केव्हा?"

"होळीच्या आधी."

"मग बोलला का नाहीस?"

मग दार थोडं उघडलं. तो बाहेर आला नाही, पण आवाज स्वच्छ आला. "सांगणारच होतो, बाबा. स्टेशनवर सांगणार होतो. मी उतरताच तुम्ही बॅगा पाहिल्या आणि कुलीला म्हणालात, हमारे बेटे का वर्क फ्रॉम होम है. मी म्हटलं, चला, घरी जाऊन सांगीन. मग तुम्ही रिक्षावाल्याला सांगितलं. मग नंदू काकांना. मग आत्याला. मी कोणाकोणाच्या मागे जाऊन सांगणार होतो की बाबा खोटं बोलतायत?"

कुलीचं मला आठवतही नव्हतं. आमचा कुलीशी काय संबंध? त्याने विचारलंही नव्हतं.

"मी चुकलो," मी म्हटलं. हे सुद्धा ओरडूनच म्हटलं, कारण पंखा. "मी आता लोकांना सांगू का? खरं काय ते?"

"सगळ्यांना?"

"आधी कृष्णरावांना. मग गल्लीला. तुला नको असेल तर नाही सांगत."

मला वाटलं दार लागलं. मग तो म्हणाला, "सांगा, बाबा. मला नाही सांगता येत. रोज सकाळी उठून ठरवतो, आणि मग नाही येत."

असं माझं पोर. मी खाली, स्टुलावर, पाय लांब करून. वर जाऊन पाठीवर हात ठेवता येईना. त्या कंपोस्टच्या खड्ड्याला मी आज पहिल्यांदा मनापासून शिव्या दिल्या.

९ मे

कृष्णरावांना सकाळीच फोन केला. म्हटलं, टीम लीड नाही, दहा पोरं नाहीत, नोकरीच नाही, आणि ते सगळं मी रचलं होतं, मुलाने नाही. ते म्हणाले, "सांगितलंत, बरं केलंत. आम्ही नंतर कळवतो." नंतर कळवतो म्हणजे काय ते मला कळतं. मीही अमिताच्या लग्नाच्या वेळी दोन घरांना असंच म्हटलं होतं. अमिता माझ्याशी बोलत नाही. म्हणजे फोन करून 'मी तुझ्याशी बोलत नाही' असं बराच वेळ बोलली.

मग कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं. कुमुदिनीने धरलं, मी वॉकर घेतला आणि प्लास्टर लागल्यापासून पहिल्यांदा फाटकाबाहेर आलो. सगळी गल्ली डबे घेऊन उभी. नंदू भियाने टाळ्या वाजवल्या. "आ गए, आ गए! अध्यक्षजी, दो शब्द!"

दोन शब्द मला कधीच कमी पडलेले नाहीत. आज वॉकर घट्ट धरला. "पुष्कर की नौकरी छूट गई है," मी म्हटलं. "होली से पहले. वर्क फ्रॉम होम वगैरा कुछ नहीं है. मैं ही झूठ बोल रहा था."

गाडीचं गाणं चालूच होतं. मी खाली बघत होतो. माझ्या पायात ती फोटोतली चप्पल होती.

नंदू म्हणाला, "हओ, पता है."

"क्या पता है?"

"भिया, कुरियरवाला लॅपटॉप का डब्बा मेरी दुकान से ही तो ले गया था. उस पे लिक्खा था, कंपनी को वापस. पूरी गली को पता है."

"तो पूछा क्यों नहीं?"

"पूछा था ना. आपने बोला, एकदम ठीक है. अब कोई दरवाजा बंद करके बोले कि घर पे नी हूँ, तो अपन क्या खटखटाते रें?" त्याने माझ्या हातातला डबा घेतला आणि गाडीत रिकामा करून आणला. "मेरा निशांत टीम लीड था, मालूम? जनवरी में निकाल दिया. दुकान पे सेव तौल रिया है. उसको बोलूँगा, शाम को आ जाए पुष्कर के पास."

मग शेजारच्या बाई आपल्या मुलाला नोकरीसाठी किती ठिकाणांहून नकार आला ते सांगायला लागल्या. कोपऱ्यावरच्या मास्तरांनी जावयाचं सांगितलं. गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. हे सगळं भर रस्त्यात, चकचकीत उन्हात, आणि मला अगदी भूक लागली. पोहे दोनदा घेतले.

१० मे

आजचं लिहून ठेवतो.

सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसलो होतो. जिन्यावर पावलं. पुष्कर खाली आला, दाढी वाढलेली, दोन्ही हातांत फुगलेल्या काळ्या पिशव्या. खोलीतला कचरा. आल्यापासूनचा असावा. निशांत काल संध्याकाळी येऊन बराच वेळ वर बसला होता, त्यानेच भरायला मदत केली म्हणे.

त्याने पिशव्या माझ्या पायाशी ठेवल्या. मी एकीत डोकावलो. केळ्याची सालं, चिप्सची पाकिटं, चहाचे कागदी कप, औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पान, मोजे. सगळं एकत्र. ओला-सुका एकत्र. समितीच्या अध्यक्षाच्या घरात, अध्यक्षाच्या पोटच्या मुलाने.

मी काही बोललो नाही. मला वाटतं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम असावं.

तोच म्हणाला, "वेगळं करावं लागेल ना?"

"लागेल. नाही तर गाडी घेणार नाही. बस."

तो ओट्यावर बसला. आम्ही दोघांनी पिशव्या उलट्या केल्या. गल्लीतून लोक जात होते. लालबागेकडे फिरायला जाणारे आजोबा थांबून "जय श्रीकृष्ण" म्हणून गेले. गोळ्यांचं पान मी हातात घेतलं. झोपेच्या होत्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टरने दिल्या होत्या, बाबा. एक-एकच घेतली."

"मला दाखवत जा," मी म्हटलं. "दर वेळी." तो "हो" म्हणाला. पान मी घातक कचऱ्यात टाकलं. त्याने माझा वॉकर जरा जवळ ओढून ठेवला.

पिशवीच्या तळाशी निळ्या दोरीचं ओळखपत्र निघालं. कंपनीचं. त्यावर त्याचा हसरा फोटो. गालावर मांस होतं तेव्हा.

"बाबा, हे कशात?"

मला चटकन उत्तर आलं, सवय आहे. "दोरी सुक्यात. कव्हर प्लास्टिकमध्ये. कार्डात चिप असेल तर ई-कचरा."

"एका नोकरीला तीन डबे?" तो म्हणाला आणि हसायला लागला. मग मी पण. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, जिना मध्ये नव्हता. कुमुदिनी दारात येऊन उभी राहिली, त्याच्या पलीकडे बसली आणि केळ्याची सालं वेचायला लागली.

तेवढ्यात गाडीचं गाणं ऐकू आलं, फाटकासमोरून गेलं आणि कोपऱ्यावर वळलं. कोणी उठलं नाही.

अध्यक्षांच्या दारात आज दिवसभर कचरा उघड्यावर पडून आहे. वास येत असेल, मला आला नाही. गाडी उद्या येईलच.